गोफणीला लागणारी जागा

“एकदम ‘सोड’ म्हणायचं नाही गं. थोडं थोडं कमी करत न्यायचं. तिचं तिलाही कळणार नाही.”

सासूबाई नणंदेला हे समजावत होत्या, आणि जिच्याविषयी समजावत होत्या ती सून मागच्या गॅलरीत केस वाळवत उभी होती. आतून कुणीतरी हसले. तो तिचा नवरा होता. बोलण्यावर वाद तरी घालता येतो. हसण्याला काय उत्तर द्यायचे?

एकदा एक सून होती म्हणायचे, पण गोष्ट फार जुनी नाही. तिच्या लग्नाला अजून वर्षही झालेले नव्हते. ती अबोल होती, आणि घरच्यांनी त्या अबोलपणाचा अर्थ मऊपणा असा लावला होता. एका वृद्ध चित्रकाराकडे ती संगणकावर चित्रे हलती करण्याची विद्या शिकत असे. लग्नाआधी रोज जाई. मग ‘सणाचे दिवस आहेत’ म्हणून दिवसाआड झाले, पुढे ‘पाहुणे यायचेत’ म्हणून आठवड्यातून एकदा. दर वेळी तिने मान डोलावली होती, कारण दर वेळी मागणे लहानसेच होते. नाव तर मांडवातच, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून बदलले होते; ते तिने मागण्यांत धरलेच नव्हते.

आता गुरुजींनी आपली नवी फिल्म तिच्या हाती सोपवायचे ठरवले होते. सोमवारपासून रोज सकाळी आठला हजर राहायचे; जमत नसेल तर काम दुसऱ्याकडे जाणार. घरी सांगायचे अजून बाकी होते, आणि नेमके आज सकाळी ते वाक्य कानावर पडले.

दर वेळी मान आपणच डोलावली, म्हणून स्वतःवरच धुमसत ती गुरुजींकडे पोहोचली आणि कामाला बसली. ज्वारीच्या शेतात मचाणावर उभी राहून गोफण फिरवणारी, पाखरे हाकलणारी एक बाई तिने रंगवली होती. बाई झकास उतरली होती. पण गोफण गरकन फिरली की तिचा हात चित्राच्या कडेबाहेर जाऊन कापला जाई. पडद्याच्या उजवीकडे एक पट्टी असते, प्रॉपर्टीज पॅनल. जी वस्तू निवडावी तिची रुंदी, उंची, रंग सारे त्या पट्टीत दिसते. तिथला आकडा बदलला की वस्तू कुरकुर न करता बदलते. शिष्येने बाईला निवडले आणि आकडा कमी केला. हात तरीही बाहेरच. आणखी कमी केला. मग आणखी. अखेर गोफण आत मावली, पण आता ती बाई पाखरे हाकलते आहे की डास, तेच कळेना.

गुरुजी मागे येऊन उभे राहिले. “हिला काय झालं? आजारी आहे का?”

“मावत नव्हती, गुरुजी.”

“मावत नव्हती, म्हणून झिजवलंस तिला?” म्हाताऱ्याचा आवाज चढला. “हिच्या एका आरोळीनं थवा उडायला हवा. आत्ता हिच्या खांद्यावर बसून चिमण्या दाणे टिपतील!”

त्यांनी माऊस ओढून घेतला. ते बाईचे माप दुरुस्त करतील असे तिला वाटले. त्यांनी बाईला हातही लावला नाही. चित्रातल्या रिकाम्या जागी एक टिचकी मारली आणि स्वस्थ बसले. वयामुळे नेम चुकला असावा, असे तिच्या मनात आले.

“कुणालाच निवडलं नाहीत, गुरुजी.”

“ठाऊक आहे. पॅनलमध्ये बघ.”

पॅनल रिकामे झालेले नव्हते. तिथे आता वेगळीच रुंदी, वेगळीच उंची दिसत होती.

“ही मापं कुणाची?” गुरुजींनी विचारले.

“स्टेजची,” ती म्हणाली. स्टेज म्हणजे ज्या चौकटीत सारे घडते ती कोरी चौकट.

“तुझा हात सारखा तिच्याकडेच जातो, पोरी, कारण ती डोळ्यांसमोर आहे आणि ती ऐकते. जो ऐकतो त्यालाच बदलत राहायची माणसाला सवय लागते. स्टेजकडे कुणाचं लक्ष जात नाही. वाटतं, ते असंच असायचं. अगं, त्याची रुंदीसुद्धा कुणीतरी बसून घातलेला आकडाच आहे! फाईल उघडताना घातला, पुढं कुणी विचारलं नाही. गोफणीला जेवढी जागा लागते तेवढी लागतेच. मावत नसेल तर आधी तिच्यावरची निवड सोडावी, आणि ती कशात मावत नाही ते बघावं.”

शिष्येने स्टेज रुंद केले, बाईला तिचे मूळ माप परत दिले. गोफण सणसणत पुरती फिरली. शिष्येचा राग त्याने शमला नाही. सकाळपासून तो तिच्या स्वतःवरच उलटत होता, ते मात्र थांबले.

संध्याकाळी पाने वाढून झाल्यावर तिने सोमवारचे सांगितले.

सासूबाईंनी आमटीची वाटी खाली ठेवली. “रोज? आणि आठला? अगं, तेव्हा घरात केवढी गडबड असते! शनिवारी जा की.”

“वहिनी, घरूनच करून पाठवते म्हणावं,” नणंद म्हणाली.

“थोडं अ‍ॅडजस्ट कर ना,” नवरा हसून म्हणाला.

तिघेही तिच्याकडे बघत होते. त्या गडबडीकडे कुणीच बघत नव्हते. सगळ्यांना गरम नाश्ता आठलाच हवा, आणि तो एकीनेच करायचा, हे कुणी आणि कधी ठरवले, ते त्यांना आठवतही नसावे. तिने पोळ्यांचा डबा मधोमध ठेवला आणि स्वतःचे पान वाढून घेऊन बसली.

“केलं की. पुष्कळ केलं,” ती म्हणाली. आवाज चढला होता, आणि तिने तो उतरवला नाही. “आता सकाळच्या वेळा बदला. सोमवारी आठला मी कामावर असेन. नाश्त्याचं तुम्ही तिघांनी बघायचं. रवा खालच्या फळीवर आहे.”