गेरूचा पट्टा

आपल्या मंडळीच्या चर्चमध्ये अजून बसायला बाकंही आली नव्हती, त्याच्याही फार आधीची गोष्ट. एका मेंढपाळाने आपल्या मेंढ्या ओळखू याव्यात म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढला होता. त्याचा कुत्रा भुऱ्या मेंढवाड्याच्या दाराशी राखणीला बसायचा.

लांडगा काही येईना, तसा भुऱ्याला मेंढ्यांचाच संशय येऊ लागला. संशयाला हुंगायला काहीतरी लागतंच. "तुझा पट्टा फिका का? कुठे लोळलीस?" मेंढ्याही शहाण्या झाल्या. पट्टा पुसला जाईल म्हणून ओढ्यावर जाईनात, आणि चरताना गवतापेक्षा शेजारणीच्या पाठीकडेच जास्त बघू लागल्या.

एक दिवस एक लंगडी मेंढी तहानेने ओढ्यावर गेली आणि पाण्यात पडली. परतली तेव्हा तिची पाठ कोरी होती. भुऱ्याने दात दाखवले. "पट्टा नाही? मग तू आमची कशावरून?" ती बिचारी आल्या वाटेने रानात निघून गेली.

मेंढपाळाला कळलं, तसा तो काट्याकुट्यांत शिरला. संध्याकाळी तिला खांद्यावर घेऊन परतला, तर भुऱ्या वाट अडवून उभा.

"बाजूला हो. माझी आहे ती."

"तिला पट्टा नाही, धनी."

"अरे, पट्टे मीच ओढले ना?"

भुऱ्याने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. आतल्या मेंढ्याही टक लावून बघू लागल्या.

"तेच तर बघतोय," भुऱ्या गुरगुरला. "तुमच्या तरी अंगावर पट्टा कुठाय?"