ठकूमावशी भरवायला शिकली

एका नदीच्या वळणावर लहानसं गाव होतं. तिथे एक विणकर आणि त्याची बायको अनसूया राहत होते. त्यांना चार वर्षांची एक मुलगी होती, तुळसा.

तुळसाला बसता येत नव्हतं, बोलता येत नव्हतं आणि घास गिळणं तिला फार जड जाई. तिला पातळ पेज भरवावी लागे, तीही अर्धा अर्धा चमचा. मधेच तिचं अंग ताठ होई, म्हणून एकाने धरायचं आणि दुसऱ्याने भरवायचं. एका जेवणाला तासभर लागे. अशी दिवसातून पाच जेवणं. विणकर तेवढ्यापुरता मागावरून उठे, लेकीला धरून बसे आणि जेवण झालं की पुन्हा मागावर जाई.

गाव वाईट नव्हतं. तुळसा इतर मुलांसारखी नाही हे कळलं तेव्हा सगळे येऊन गेले. कोणी अंगारा आणला, कोणी नवस बोलायला सांगितलं, कोणी पाळण्याची दिशा बदलायला लावली. कुंभारवाड्यातली ठकूमावशी एका तेलाचं नाव सांगून गेली. अनसूयेने सगळ्यांचं ऐकलं, सगळं करून पाहिलं. तिच्या दिवसातली कामं तेवढी वाढली. सांगून गेलेलं माणूस पुन्हा काही फिरकलं नाही.

एकदा ठकूमावशी विहिरीवर गेली तर अनसूया भरलेल्या घागरीजवळ नुसती उभी होती. घागर उचलत नव्हती, कोणाशी बोलतही नव्हती.

"काय गं, बरं नाही का?" मावशीने विचारलं.

"बरी आहे."

"तेल लावतेस ना पोरीला?"

"लावते."

मावशीला आपलंच बोलणं कसंतरी वाटलं. ती म्हणाली, "तेलाचं राहू दे. तुला काय हवंय, ते सांग."

हे अनसूयेला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "पुढच्या महिन्यात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न आहे. मला जायचंय. चार वर्षांत मी माहेरी गेले नाही."

"मग जा की पोरीला घेऊन."

"बैलगाडीचा दिवसभराचा रस्ता आहे, मावशी. मागे निघालो होतो, तर अर्ध्या वाटेत खाल्लेलं सगळं उलटलं आणि आठ दिवस ताप आला. तुळसाचे बाबा म्हणतात, तू जा, मी राहतो. पण एकट्याने कसं भरवणार?"

"माझ्याकडे ठेव. मी पाच लेकरं वाढवली आहेत."

अनसूया म्हणाली, "राग मानू नका. माझी जाऊही असंच म्हणाली होती. एका दुपारी तिने घाईने भरवलं आणि तुळसा निळी पडली."

"मग आत्ता माझ्यावर सोपवू नकोस," ठकूमावशी म्हणाली. "आधी मला शिकव."

दुसऱ्या दिवसापासून मावशी रोज दुपारच्या जेवणाला यायला लागली. पहिले काही दिवस तिने नुसतं पाहिलं. मांडीवर किती तिरकं धरायचं, हनुवटी किती खाली ठेवायची, हे तिने नीट बघून घेतलं. पोट भरलं की तुळसा डोळे घट्ट मिटून घेते, हेही तिला कळलं. मग अनसूयेने तिच्या हातात चमचा दिला.

दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी तुळसाने तोंड उघडलं, तशी मावशीने लगेच दुसरा चमचा दिला. तुळसाला जोराचा ठसका लागला. तिचा श्वास अडकला, ओठ काळेनिळे पडले. अनसूयेने तिला झटकन उचललं, पालथं धरलं आणि पाठीवर थापट्या मारल्या. पेज बाहेर पडली आणि तुळसा रडायला लागली. ते रडणं ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला.

मावशीने चमचा खाली ठेवला. ती उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाकावर बसली खरी, पण एकही मडकं सरळ उतरेना. 'मी म्हातारी, मला नाही जमायचं' एवढं म्हटलं असतं तर कोणी नावं ठेवली नसती. आता ती येईल असं अनसूयेलाही वाटत नव्हतं.

दुपारी दारात ठकूमावशी उभी होती.

"काल माझं कुठे चुकलं, ते सांग," ती म्हणाली.

अनसूया म्हणाली, "तुम्ही तिच्या तोंडाकडे बघत होता. तोंड ती कधीही उघडते. घशाकडे बघायचं. आधीचा घास खाली उतरला की मगच पुढचा."

मावशी हात धुऊन बसली. त्या दिवशी जेवणाला दीड तास लागला, पण एकदाही ठसका लागला नाही.

लग्नापर्यंत मावशी रोज येऊन भरवत राहिली. मग अनसूया तीन दिवसांसाठी लग्नाला गेली. गावातल्या काही बायका म्हणाल्या, "अशा पोरीला टाकून आईचा पाय निघतो तरी कसा!" ते तिच्या कानावर आलं. तिला वाईट वाटलं, तरी ती गेली.

परत आल्यावर तिने गाडीतून उतरताच विचारलं, "जेवली का?"

ठकूमावशीने काही लपवलं नाही. "पहिल्या दुपारी एक चमचाही घेतला नाही. तुला शोधत होती. मी जबरदस्ती केली नाही. संध्याकाळी अर्धी वाटी घेतली आणि मग रोज नीट जेवली."

विणकर म्हणाला, "मी धरायचं काम केलं. भरवलं सगळं मावशीने."

अनसूयेने तुळसाला जवळ घेतलं आणि तिला रडू कोसळलं. "मावशी, माहेरी मी सकाळपर्यंत सलग झोपले हो, चार वर्षांत पहिल्यांदा," ती म्हणाली. "आईने मला उठवलंच नाही."

पुढे कोणी नवा उपाय घेऊन आलं, की अनसूया म्हणे, "सांगा, ऐकते. पण आधी बसा आणि तुळसाला कसं भरवायचं ते बघा." काहीजणी काम आठवून उठून जात. पण दोघी बसल्या, वर्षभरात आणखी एक आली. अनसूया शिकवी आणि तिला वेळ नसला की ठकूमावशी शिकवी.

तुळसा चालायला लागली नाही, बोलायलाही नाही. मात्र ठकूमावशी आणि शिकलेल्या त्या तिघी, यांपैकी कोणाचाही आवाज दारात ऐकू आला की ती हसे.

पुढच्या थंडीत अनसूया तापाने आजारी पडली. आठ दिवस ती अंथरुणावर होती. कोणाला बोलावणं धाडावं लागलं नाही. वेळ झाली की एकजण येई, हात धुई आणि विणकरासमोर वाटी घेऊन बसे. आठही दिवस तुळसाची पाचही जेवणं वेळेवर झाली.

तात्पर्य: वेगळ्या गरजांचं मूल असलेल्या घराला उपाय सांगणारे पुष्कळ भेटतात. त्या घराला खरा आधार होतो तो 'तुम्हाला काय हवंय' असं विचारणाऱ्याचा, आईवडिलांकडून शिकून घेणाऱ्याचा आणि चुकलं तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा येणाऱ्याचा.