राखेत निजवलेली सायकल

कारवीमाळाला रस्ता झाला, त्याच्याही फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नीट ऐका. मी दोनदा सांगत नाही.

माळावर नथू लोहार राहायचा. कोयते, विळे करायचा. मध्ये चार वर्षं तो धरणाच्या कामावर गेला आणि गॅसचं वेल्डिंग शिकला. परत येताना टाकाऊ नळ्यांची मोळी खांद्यावर घेऊन घाट चढला. वाटेत कुठे टेकला नाही, असं म्हणतात.

त्याच माळावर ठकूमावशी होती. सुईण. सात वाड्यांतलं प्रत्येक मूल तिच्या हातात पडलेलं. नथूसुद्धा. पण साठी उलटली आणि तिचे गुडघे गेले. चढ चढवेना, उतार तर त्याहून उतरवेना.

नथूची लेक चांगुणा डोंगरापलीकडे वाघदऱ्याला दिली होती. तिचं पहिलं बाळंतपण माहेरी झालं. मूल आडवं आलं. ठकूमावशी होती म्हणून दोन्ही जीव वाचले. आता तिला पुन्हा दिवस गेले होते आणि हे बाळंतपण सासरी व्हायचं होतं. नथूला घास उतरत नव्हता.

गाव म्हणालं, मावशीला डोलीत घालून नेऊ.

"डोलीत नवरी बसते," मावशी म्हणाली. "मी काय आता लग्नाला निघाले? आणि तुमची डोली पोहोचेस्तोवर पोर चालायला लागेल."

ती ओट्यावर बसून पाय हलवत होती. नथू बघत राहिला.

"मावशी, असे पाय हलवताना दुखत नाहीत?"

"नाही रे. भुईला टेकले की दुखतात."

नथूने तिथेच कोळसा उचलला आणि मावशीच्या सारवलेल्या भिंतीवर सायकल काढली. बाजारातली सायकल सपाट रस्त्याची. ही डोंगराची. मधली नळी खाली घेतली, म्हणजे लुगडं नेसून बसता येईल. पुढचं चाक धरणारा चिमटा पुढे कलता ठेवला, म्हणजे उतारावर ती तोंडावर पडणार नाही. पुढचं दातेरी चाक लहान, मागचं मोठं, म्हणजे चढ हळू चढेल, पण चढेल. मग सुतळीने मावशीच्या पायांचं माप घेतलं. भिंत घाण केली म्हणून शिव्याही घेतल्या.

पहिला सांगाडा जाड नळ्यांचा झाला. दोन गडी लावूनही उचलेना.

"हिलाच डोली लागेल," मावशी म्हणाली.

दुसरा त्याने पातळ नळ्यांचा केला. सांधे लाल झाले की भट्टीशेजारच्या हौदात बुडवले. चर्र आवाज आला, वाफ उठली, नथू खूश. स्वतः बसून निघाला. पहिल्याच दगडावर सांधा काडीसारखा मोडला आणि नथू कारवीच्या झुडपात. तिसरा तसाच मोडला. चौथाही. असे एकूण सात वाया गेले, असं म्हणतात. नथू नळ्यांना शिव्या देऊ लागला.

आठव्या वेळी मावशी काठी टेकत भट्टीवर आली. नथूने लाल सांधा हौदाकडे नेला, तशी तिने काठी त्याच्या मनगटावर हाणली.

"मेल्या! आत्ता कुठे जीव जुळलाय, आणि गार पाण्यात बुडवतोस? बाळंतिणीला असं नदीत ढकलशील का?"

"मावशी, लोखंड आहे ते. माझा बाप पाण्यातच बुडवायचा."

"तुझा बाप कोयते करायचा. कोयत्याला कडक व्हायचं असतं. हिला धक्के सोसायचे आहेत. ऊब दे तिला."

नथूने हौदाकडे पाठ केली. त्याने खड्डा करून चुलीची गरम राख भरली. एकेक सांधा जोडला आणि राखेत निजवला. वरून मावशीचं जुनं लुगडं पांघरलं. मावशी रोज येऊन विचारायची, "काय म्हणते बाळंतीण?" पाचव्या दिवशी लुगडं काढलं. बाजारात मडकं घेताना मारतात तशी मावशीने नळीवर टिचकी मारली. नळी अशी वाजली की माळावरच्या गुरांनी चरायचं थांबून माना वर केल्या.

मग मावशी सायकल शिकली. पहिल्या दिवशी गाव हसायला जमलं. आठव्या दिवशी गाव मागे धावत होतं आणि मावशी दिसत नव्हती.

एका सकाळी नथूचा जावई धापा टाकत आला. चांगुणाला कळा सुरू झाल्या होत्या. मूल पुन्हा आडवं होतं.

मावशीने कासोटा आवळला, पिशवी हँडलला अडकवली.

"नथ्या, खिंडीत तुटली तर?"

"तुटली तर मी लोहार नाही."

मावशी निघाली. खिंडीच्या उतारावर चाकं भुईला लागत नव्हती, असं म्हणतात. एक ससा पुढे धावत होता, तो मागे पडला. ओढ्यात पाणी होतं, ते बाजूला झालं. आणि दगडादगडावर ती सायकल वाजत होती, देवळातल्या घंटेसारखी. डोंगरापलीकडे चांगुणाने तो नाद ऐकला. कळा सोसतच म्हणाली, "पाणी ठेवा. माझ्या बापाची सायकल आली."

नथू आणि जावई पळत पळत दुपारी पोहोचले. मावशी उंबऱ्यावर पान लावत बसली होती. आतून रडणं ऐकू येत होतं, चांगलं खणखणीत.

"नात झाली," मावशी म्हणाली. "लेक बरी आहे. सायकलही बरी आहे."

नथू लोहार त्या दिवशी अंगणात नाचला. पुन्हा कधी नाचला नाही, पण त्या दिवशी नाचला.

पुढे वीस वर्षं मावशी त्याच सायकलीवर सात वाड्या फिरली. नाद ऐकू आला की ज्या घरी बाई अडलेली असे, तिथे चुलीवर पाणी चढे. एकही सांधा सुटला नाही.

आता रस्ता आहे, दवाखान्याची गाडी आहे. माळावरची पोरं अजून डोंगरी सायकली करतात. विकतच्या नळ्या, विजेचं वेल्डिंग. पण सांधे राखेत निजवतात आणि वर आईचं जुनं लुगडं घालतात. घातलं नाही तर त्या सायकलीवर कोणी बसत नाही.

नथूची सायकल देवळाच्या आढ्याला टांगली आहे. बारशाला मूल आधी तिथे नेतात. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई नळीवर टिचकी मारते. तो नाद आधी मुलाच्या कानात पडतो, आत्याने ठेवलेलं नाव मागून. माझ्याही कानात असाच पडला. एरवी सायकलीला कोणी हात लावत नाही.

ती वाजली की माळावर घराघरांतून हाक येते, "पाणी ठेवा!"

आता ते पाणी चहाचं असतं. पण ठेवतात.