पावणेदोन तासांवरचा उंबरा

"नागपूरहून कोल्हापूर लय लांब हाये का रे, बाबू?"

"छे, बाबा. सडकेने जाणाऱ्याला लांब. हवेतून सातशे किलोमीटर. पावणेदोन तासांत मी चाकं टेकवतो."

शिरीष खराडे वैमानिक. आठवड्यातून तीनदा तेच विमान न्यायचं, तेच आणायचं. झोप लागत नाही म्हणून तो रामटेकच्या वाटेवर गोविंदगीर बाबांच्या मठीत मंत्र मागायला आला होता. मागायला आला होता खरा, पण ऐट अशी, की बाबांनाच काही द्यायला आलाय.

बाबा भाकरी-झुणका खात होते.

"कोल्हापुरात कोण असतं?"

"आप्पा. माझे वडील. घर विमानतळापासून पायी अर्ध्या तासावर."

"भेटतोस?"

"नाही. त्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं तेव्हा म्हणाले, माझा उंबरा ओलांडायचा नाही. सात वर्षं झाली. मी त्यांचा शब्द मोडलेला नाही."

"वा. बापाचा शब्द पाळतोस."

शिरीषला ते कौतुक वाटलं. वाटणारच.

"त्यांचंच काही कळत नाही, बाबा. बहीण फोनवर सांगते... विमानाची घरघर आली की आप्पा भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे राहतात. प्रवासातून आलेल्या माणसावरून ओवाळून टाकायला घेतात ना, तसा. विमान परत उडालं की आत जातात. तो तुकडा पाण्यात बुडवून स्वतःच खातात..."

"अन् तू?"

"मी तेव्हा वर असतो."

पोरगा वाईट नव्हता हो. नुसता ताठ होता.

बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

"ऊठ. दाराबाहेर उभा राह्य."

"चुकलं का माझं काही?"

"राह्य तर खरं."

तो बाहेर जाऊन उभा राहिला. बाबांनी ताटातल्या भाकरीचा कोरा तुकडा मोडला, तांब्या घेतला आणि आतून दारापाशी आले.

"ज्याच्यावरून ओवाळतात, तो कुठं उभा असतो?"

"इथंच... बाहेर."

"अन् उंबरा?"

शिरीषने खाली पाहिलं. उंबरा त्याच्या पायांपुढे होता.



मग तो रडला. वैमानिकाच्या कपड्यांत, भर दुपारी, लहान मुलासारखा रडला. बाबांनी रडू दिलं.

शेवटी त्याने डोळे पुसले आणि मान खाली घातली. बाबा आता आपल्यावरून ओवाळतील, असं त्याला वाटलं.

बाबांनी तुकडा परत ताटात ठेवला.

"ओवाळत नाही, बाबा?"

"मी काहून ओवाळू?"

"आणि... मंत्र?"

बाबा पुन्हा जेवायला बसले.

"परवा कोल्हापूरले जातोस ना? तिथंच मुक्काम कर. एकदा तरी त्या म्हाताऱ्याले तो तुकडा टाकू दे."