तिन्हीसांजेचं विरजण

नदीच्या अल्याड की पल्याड ते आता कुणाला आठवत नाही, पण फार पूर्वी एका गावात एक दहीवाली राहत होती. तिचं दही असं लागायचं, की मडकं उपडं केलं तरी हलायचं नाही. तिला तीन मुलं. थोरला म्हशी सांभाळायचा, मधला बाजारात दही विकायचा आणि धाकटी आईच्या मागेमागे असायची. धाकटी भारी भित्री. झाकण पडलं तरी दचकायची, मांजर आडवं गेलं तरी दचकायची.

तिन्हीसांजेला घरातलं दूध, दही, मीठ बाहेर देऊ नये, लक्ष्मी जाते, असं सारं गाव मानायचं. दहीवाली मात्र मानायची नाही. दिवा लागल्यावरही कुणी वाटी घेऊन दारात आलं, तर ती चमचाभर विरजण घालायचीच. मुलगे चिडायचे. "आई, अशानं घर धुवून जाईल!"

ती हसायची. "दुसऱ्याच्या घरी दही लागलं, तर आपलं काय नासतं रे?"

एका थंडीत दहीवाली गेली. तेरावा झाला आणि वाटण्या सुरू झाल्या. म्हशी वाटल्या, घर वाटलं, मडकी वाटली. "तू काय, उद्या सासरी जाणार," असं म्हणून धाकटीच्या हातावर आईचं एक जुनं लुगडं ठेवलं. शेवटी राहिलं ते विरजणाचं काळं गाडगं.

"अर्धं तुला, अर्धं मला," मधला म्हणाला.

"वा रे शहाण्या! आईचं दही म्हणून बाजारात दोघं ओरडणार? गिऱ्हाईक हसेल. मी थोरला, गाडगं माझं."

"शेण काढणाऱ्याला दह्यातलं काय कळतं? विकलं मी, गाडगं माझं!"

ते गाडगं तेव्हा धाकटीच्या हातात होतं. रोजच्यासारखं ती ते चुलीजवळ उबेला ठेवायला निघाली होती.

"ठेव ते खाली!" थोरला कडाडला.

धाकटी दचकली. गाडगं हातातून निसटलं, फुटलं आणि आईचं विरजण सारवलेल्या जमिनीत बघता बघता जिरून गेलं.

"घालवलंस! आईचं होतं नव्हतं ते घालवलंस!" आता दोघं भाऊ एक झाले, तिच्यावर ओरडण्यापुरते.

थोरल्यानं आठवडी बाजारातून दुसरं विरजण आणलं. दह्याला तार सुटली. मधल्यानं लिंबू पिळून पाहिलं. दूध फाटलं. गिऱ्हाइकं बोटावर घेऊन चाखायची आणि मान हलवायची. "म्हातारी गेली, चवही घेऊन गेली."

धाकटीला राहून राहून एकच वाटायचं. आईची एवढी एकच जिवंत गोष्ट मागे राहिली होती आणि ती आपल्याच हातून गेली! एका संध्याकाळी दिवा लावताना तिला दारात येणाऱ्या त्या वाट्या आठवल्या.

"दादा, आईनं गावाला विरजण दिलंय. कुणाकडे तरी असेल."

"जे आपल्या दारात हात पसरायचे, त्यांच्या दारात आपण जायचं?" थोरला गुरगुरला. "त्यापेक्षा म्हशी विकीन."

धाकटी एकटीच निघाली. गावाच्या टोकाला एक म्हातारी कासारीण बांगड्या भरायची. आईकडे सगळ्यांत जास्त तीच यायची. वाटेत कुत्रं भुंकलं, तशी धाकटी परत फिरली. पुन्हा निघाली. दारात पोचली तेव्हा तिच्या ध्यानात आलं, ही तर तिन्हीसांज! या वेळी कोण देणार?

"कोण गं?"

"मी... दहीवालीची... वाटीभर... नाही, चमचाभरच..."

"अगं, आधी दम घे!" कासारणीनं तिचं ऐकून घेतलं आणि वाटी काठोकाठ भरली. "सून आजारी होती, तोंडाला चव नव्हती. अशाच दिवेलागणीला तुझ्या आईनं दिलं. तेव्हापासून रोज लावते, मोडू दिलं नाही. हे माझं नव्हे बाई. तुझ्या आईचंच, माझ्याकडे राहायला आलेलं."

धाकटीला रडू आवरेना. पदराखाली वाटी झाकून ती परतली. वाटेत मन म्हणालं, आता हे तुझं एकटीचं. त्यांनी तुला काय दिलं? जुनं लुगडं! पण लगेच वाटलं, कासारणीनं असा हिशेब केला असता, तर ही वाटी भरली असती का?

घरी येऊन तिनं कोमट दुधाची तीन मडकी विरजली.

सकाळी थोरल्यानं दही चाखलं आणि मटकन खाली बसला. "आई..." एवढंच म्हणाला. धाकटीनं सगळं सांगितलं.

"आणि हे तिसरं मडकं कुणाचं?" मधल्यानं विचारलं.

"माझं. माझाही वाटा आहे, भाऊ." या वेळी तिचा आवाज कापला नाही.

"आणि हिला आपण भित्री म्हणतो!" मधला ओशाळून हसला.

त्या दिवशी वाटणी मोडली आणि नव्यानं तिघांत झाली. दह्याचं पहिलं मडकं दोघा भावांनी स्वतः कासारणीच्या दारी नेलं आणि तिच्या पाया पडले. संध्याकाळी दिवा लागला, तोच दारात कुणीतरी वाटी घेऊन उभं राहिलं. धाकटी उठणार, एवढ्यात थोरलाच उठला.

"बस तू," तो म्हणाला, "आज मी घालतो."

तात्पर्य एवढंच: आईनं घरात ठेवलेलं भांडणात फुटतं, पण तिनं लोकांना दिलेलं लेकरांकडे परत येतं. ते आलं की हात जोडून घ्यावं आणि वाटून खावं.