भात्याची आतली बाजू

एकदा एक गुळाचा व्यापारी एका वृद्ध वैद्यांकडे आला. ओसरीवर टेकण्याआधी तो परसात लघवीला गेला, आणि बराच वेळ त्याचे कुंथणे आतपर्यंत ऐकू येत राहिले. परत येऊन घाम पुसत तो म्हणाला, "बाबा, जोर वाढवायचं काहीतरी औषध द्या."

"कशाला?"

"तालुक्याचे डॉक्टर म्हणतात, प्रोस्टेट वाढलंय, त्यानं लघवीची वाट आवळलीय, मोकळी करून घ्या. तीन वर्षं हेच सांगताहेत. पण कापाकापी कशाला? जोर लावला की होतंच की. हल्ली तो जोरच पुरत नाही, एवढंच."

वैद्यांनी नाडी पाहिली नाही की बटवा उघडला नाही. काठी घेतली आणि म्हणाले, "चला, लोहाराकडे जाऊन येऊ."

वैद्यांची एक शिष्या होती. शहरात चार पुस्तके शिकून मग त्यांच्याकडे आलेली. ती गोंधळली. "गुरुजी, दुखणं मूत्राशयाचं, आणि लोहाराकडे?"

"तू ये तर खरी."

लोहारशाळेत कोपऱ्यात एक जुना चामड्याचा भाता टांगलेला होता. वैद्य म्हणाले, "हा बिघडलाय ना? मग फाड."

"फाडू?" लोहार हसला. "बाहेरून तर धडधाकट दिसतो, बाबा. नुसती हवा धरत नाही. याच्या नळीत राखेचा खडा बसला होता. काढायचा कंटाळा केला, आणि वर्षभर दुप्पट जोरानं दाबत राहिलो."

त्याने सुरी चालवली. चामडे जाड झाले होते, राठ झाले होते. पण आतली बाजू उलटून पाहिली तर जागोजागी काळे ठिपके, आणि कित्येक ठिपक्यांच्या जागी सुईच्या टोकाएवढी आरपार भोके.

"हे कशानं झालं?" शिष्या पुढे वाकली. "दाबानं?"

लोहाराने मान हलवली. "दाबानं चामडं फाटतं, जळत नाही. जास्त दाबला की याची हवा आत घेणारी झडप चिकटायची. मग सोडताना भाता नळीतूनच हवा ओढायचा, आणि हवेबरोबर भट्टीतली ठिणगी आत यायची."

"म्हणजे दाबताना नाही, सोडताना जळायचा?"

"तसंच की."

शिष्या त्या भोकांकडे पुन्हा पाहू लागली. मग हळूच म्हणाली, "गुरुजी, मूत्राशयाचंही असंच होतं का?"

वैद्य ऐरणीशेजारी बसले. "आता बघ. वाट अरुंद, म्हणून शेठचं मूत्राशय जीव खाऊन आवळतं. त्याची भिंत जाड होते, आणि आवळताना ती स्वतःच्याच रक्तवाहिन्या चिमटते. तेवढा वेळ मांस उपाशी. मग ते सैल पडतं, रक्त धावत आत येतं, आणि त्या धावण्यात ठिणग्या उडतात. एका वेळी दोनचार, पण दिवसातून दहा वेळा, वर्षानुवर्षं. त्या मांसाला जाळतात, त्याला हुकूम देणाऱ्या बारीक नसांना जाळतात. बाहेरून कळत नाही. मग एक दिवस जोरच पुरत नाही."

"त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात," शिष्या उत्सुकतेने म्हणाली. "जोडीदार हरवलेले कण. ज्याला भेटतील त्याचा जोडीदार ओढून घेतात, मग तोही तसाच होतो."

"नाव तुला ठाऊक. मी फक्त जळलेलं पाहिलंय."

"मग ठिणग्या विझवायचं औषध देऊ या. आवळा?"

"आवळा खाऊ देत, चांगलाच आहे. पण खडा नळीत तसाच राहिला, तर रोज नव्या ठिणग्या. किती विझवशील? आणि जोराचं औषध म्हणजे तर आणखी दाबणं."

व्यापारी इतका वेळ ते चामडे हातात धरून होता. त्याने ते उजेडाकडे केले. भोकांतून ऊन त्याच्या सदऱ्यावर पडले. तो ते उन्हाचे ठिपके बघत राहिला.

"बाबा, माझा भाता आतून कसा असेल?"

"ते मला फाडून बघता येत नाही, शेठ. म्हणून तर म्हणतो, थांबू नका. आज वाट मोकळी केलीत तर उरलेलं वाचेल, काही भरूनही येईल. जे पार जळालं असेल, ते परत येईलच असं मी सांगणार नाही."

व्यापाऱ्याने चामडे खाली ठेवले. मग त्याने विचारले, "तालुक्याची एसटी किती वाजता?"

"अर्ध्या तासानं," लोहार म्हणाला. "तीन वर्षं थांबलात, आता अर्धा तास थांबवत नाही होय?"

शेठ हसला. आणि हसल्यामुळेच की काय, त्याला पुन्हा लागली. तो लोहारशाळेच्या मागे गेला.

आत तिघेही नकळत कान देऊन होते. शिष्या भोके मोजू लागली, चाळिसाच्या पुढे गेली. मागून काहीच ऐकू येईना. मग बारीक, तुटक धार वाजली, थांबली, पुन्हा वाजली. वेळ पुष्कळ लागला.

पण कुंथण्याचा आवाज आला नाही.