वेणूबायच्या इंजिनातलं पाणी

एका गावात एक भोळा खलाशी होता. गाव खाडीच्या तोंडावरचं, त्याचं नाव उंडणी. खलाशाचं नाव पोशा. उंडणीत शहाणी माणसं भरपूर होती. इतकी, की सल्ला कुणाला मागावा लागत नसे आणि नको असला तरी तो चुकत नसे. सल्ला ऐकणारा मात्र सगळ्या बंदरात एकटा पोशाच होता. तो नुसता ऐकत नसे, ऐकलं तस्संच करत असे. सगळा घोटाळा तिथेच होता.

पोशा त्याच्या मावशीच्या, वेणूबायच्या होडीवर कामाला होता. नवरा गेल्यावर वेणूबायने पदर खोचून होडीचा कारभार स्वतःकडे घेतला होता. होडीचं नाव 'सुवर्णगौरी'. पावसाळाभर ती किनाऱ्यावर चढवून ठेवलेली असे. तिच्या तळाला एक भोक होतं. आत पडलेलं पावसाचं पाणी त्यातून निघून जाई. होडी खाडीत लोटायच्या आधी त्या भोकात लाकडाचं बूच ठोकून बसवायचं, ही तिथली रीत. यंदा ते बूच पोशानेच बसवलं. वेणूबायने हाताने चाचपून पाहिलं, चांगलं घट्ट होतं. पोशाचं काम कधी कच्चं नसे.

होडी खाडीत झोकात तरंगली, पण इंजिन काही चालू होईना. नुसतं गुरगुरायचं, एक उचकी द्यायचं आणि गप्प बसायचं.

नारळी पुनव तोंडावर आली होती. उंडणीत पुनवेला जी होडी दर्यात जात नाही, तिचे खलाशी त्याच दिवशी दुसऱ्याच्या होडीवर चढतात आणि शिमग्यापर्यंत काही परत येत नाहीत. शेजारचा जोमा तर आत्तापासूनच तिच्या खलाशांना बोलावून बोलावून विड्या देत होता.

"पोशा, पुनवेला ही होडी नाय हलली तर माझा हंगाम गेला बघ," वेणूबाय म्हणाली. "मंग मी काय किनाऱ्यावर बसून लाटा मोजू?"

पोशाला फार वाईट वाटलं. "एकटीनं कशाला, मावशी? मी पन येईन मोजाया."

वेणूबायने कपाळाला हात लावला आणि तालुक्याच्या गावाहून काशिनाथ मिस्त्रीला बोलावलं.

काशिनाथ मिस्त्री आला तो पांढरीशुभ्र पँट घालून. इंजिन दुरुस्त करायची त्याची स्वतःची पद्धत होती. तो धक्क्यावर उभा राहायचा आणि होडीत उतरलेल्या माणसाला सांगायचा. काम जमलं तर ते मिस्त्रीने केलेलं असे. बिघडलं तर खाली उतरलेल्याने.

"पोशा, तेलाची पट्टी उपसून बघ," मिस्त्री वरून म्हणाला. "तेलाचा रंग कसा आहे?"

"चहासारखा हाय."

"कोऱ्या की दुधाच्या?"

"दुधाच्या. चांगला दाट."

"मग पाणी शिरलंय त्यात. तेलाचा रंग असा झाला की समजायचं, पाणी शिरलं. सगळं ओतून टाकायचं, आतून पुसून कोरडं करायचं आणि नवं तेल भरायचं."

"असं व्हय," पोशा म्हणाला. "आता नाय विसरायचा."

आणि तो विसरला नाही. त्याने तेल डब्यात काढलं, इंजिन आतून कोरडं केलं, नवं तेल भरलं. मिस्त्रीने धक्क्यावरून मान डोलावली आणि रुमालाने स्वतःचे हात पुसले.

दुसऱ्या दिवशी मच्छीमार सोसायटीचे चेअरमन धर्माजी चोगले होडीची विचारपूस करायला आले. चेअरमनसाहेबांची विचारपूस म्हणजे भाषणच. समोर दोन माणसं असली तरी ते "बंधूभगिनींनो" म्हणूनच सुरुवात करत. भाषण लांबणार हे ओळखून वेणूबायने किटलीभर चहा करून पोशाच्या हाती धक्क्यावर पाठवला.

वाटेत पोशाने सहज झाकण उघडून पाहिलं आणि तो जागीच थबकला. तोच रंग. चांगला दाट.

"यातपन शिरला का," तो हळहळला. चेअरमनसाहेबांसारख्या माणसाला असलं कसं द्यायचं? त्याने चहा खाडीत ओतला. किटली आतून फडक्याने कोरडी केली. मग होडीवर जाऊन डब्यात उरलेलं नवं तेल तिच्यात भरलं आणि कप भरून साहेबांच्या हातात दिला.

नवं तेल दिसायला सोनेरी असतं. साहेबांना वाटलं, कोरा चहा आहे. तसे ते कपात बघतही नव्हते, उंडणीच्या उज्ज्वल भवितव्याकडे बघत होते. "आपला मच्छीमार बांधव आज," असं म्हणून त्यांनी मोठा घोट घेतला. पुढे "प्रगतीच्या मार्गावर घोडदौड करीत आहे" एवढं वाक्य त्यांनी पुरं केलं. अर्धं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी टाकलं नव्हतं. मग मात्र ते धक्क्याच्या कडेला जाऊन वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

वेणूबाय धावत आली. तिने किटलीचा वास घेतला. "अरे मेल्या, नुसत्या रंगावर काय जातोस? जरा बोट बुडवून चाखून बघावं माणसानं."

"असं व्हय," पोशा म्हणाला. "आता नाय विसरायचा."

इंजिन एक दिवस बरं चाललं आणि पुन्हा बसलं. तेल पुन्हा दुधाच्या चहासारखं. मिस्त्रीला पुन्हा बोलावणं गेलं. या वेळी पँट पिवळसर होती, पण उभं राहायची जागा तीच.

"पाणी कुठून येतंय ते कळायला हवं," मिस्त्री म्हणाला. "पोशा, खाली साचलेल्या पाण्यात बोट बुडव आणि चाखून बघ. गोडं लागलं तर टाकीतलं. खारट लागलं तर समुद्राचं."

पोशाने वेणूबायकडे अभिमानाने पाहिलं. मावशीही हेच म्हणाली होती. त्याने बोट बुडवलं, चाखलं आणि डोळे मिटून विचार केला.

"खारट."

"वाटलंच मला. ज्या नळीतून धूर बाहेर जातो ना, त्याच नळीतून लाटेचं पाणी आत येतंय. खारट लागलं की धुराची नळी गाठायची आणि तिला लाकडाचं बूच मारायचं. होडी उभी असली की बूच आत. थेंब येणार नाही."

"असं व्हय. आता नाय विसरायचा."

पोशाने चांगलं जाडजूड बूच तासलं आणि नळीच्या तोंडात ठोकलं. तेल पुन्हा बदललं. खरंच पाणी यायचं थांबलं. वेणूबायने सुटकेचा निःश्वास टाकला. तिने मिस्त्रीला माशांऐवजी नारळ दिले, कारण मासे अजून दर्यातच होते.

पुनवेच्या दोन दिवस आधी सोसायटीच्या हॉलवर सत्यनारायण होता. सगळं बंदर जेवायला बसलं. आमटीत एका आचाऱ्याने मीठ घातलं होतं. त्याने विसरून घातलं नसेल म्हणून दुसऱ्यानेही घातलं होतं. लोक मुकाट्याने भात कालवत होते. चेअरमनसाहेब समोरच बसले होते, त्यामुळे आमटी छान झाली आहे असं सगळे म्हणत होते.

पोशाने आमटीत बोट बुडवलं, चाखलं आणि डोळे मिटले.

"खारट," तो म्हणाला. "समुद्राचं पानी शिरलंय."

कुणी लक्ष दिलं नाही. पोशाला त्याची सवय होती. तो पानावरून उठला आणि मागच्या बाजूला गेला. स्वयंपाकघराच्या छपरातून पत्र्याचं धुराडं वर आलं होतं आणि त्यातून भकाभका धूर निघत होता. म्हणजे नळी हीच. पोशा छपरावर चढला. बूच बसेल एवढं लाकूड मिळालं नाही, म्हणून त्याने गोणपाटाचा गच्च बोळा केला आणि तो धुराड्यात दाबून बसवला. थेंब येणार नाही असा.

थोड्याच वेळात हॉलमध्ये कुणाला कुणाचं तोंड दिसेना. बायका पोरं शोधत होत्या, पोरं आया शोधत होती. भटजी पोथी छातीशी धरून खिडकीतून बाहेर पडले. चेअरमनसाहेब सगळ्यात शेवटी आले, डोळे लाल आणि हातात पापड.

पोशा छपरावरून खाली बघत म्हणाला, "आता नाय यायचा पानी."

त्याला उतरवून साहेबांपुढे उभं केलं. वेणूबाय मान खाली घालून बाजूला उभी राहिली. तिला लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती, साहेब काही वेडंवाकडं बोलले तर खलाशी आजच जोमाकडे जातील याची. पण साहेबांना गर्दी दिसली की राग विसरायला होई. गर्दी आयती जमली होती. ते एका पायरीवर चढले.

"बंधूभगिनींनो, चूल सुरू आणि बूच बंद. हे कसं चालेल? काही शिस्त आहे की नाही? आधी बूच काढायचं, मग सुरू करायचं. चूल असो, इंजिन असो, कुठलंही कार्य असो. सुरू करायच्या आधी बूच काढायचं. हा नियम सगळीकडे लागू."

"बरोबर आहे," काशिनाथ मिस्त्री डोळे पुसत म्हणाला. तोही जेवायला आला होता. "मी नेहमी हेच सांगतो."

"असं व्हय," पोशा म्हणाला. कुठे काय लागू आणि कुठे नाही, हे लक्षात ठेवताना त्याची फार ओढाताण होत असे. सगळीकडे लागू असलेला नियम त्याला पहिल्यांदाच मिळाला. त्याला साहेबांचे पाय धरावेसे वाटले. "आता मरेपर्यंत नाय विसरायचा."

पुनव उजाडली. सुवर्णगौरीला पताका लावल्या, पुढच्या टोकाला, नाळेला, झेंडूचा हार घातला. वेणूबाय ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसली. तिचे खलाशी नवे सदरे घालून होडीत चढले. जोमाची होडी बाजूलाच उभी होती आणि जोमा विडीचं बंडल घेऊन टपून बसला होता. चेअरमनसाहेब प्रमुख पाहुणे म्हणून होडीवर आले. मिस्त्री तर आज पुन्हा पांढरी पँट घालून चक्क होडीत उतरला, कारण आज काम नव्हतं, सत्कार होता.

"पोशा, इंजिन चालू कर," वेणूबाय म्हणाली.

पोशा मागे गेला. धुराच्या नळीचं बूच त्याने आधी काढलं. मग किल्ली फिरवली. इंजिन एकदाही न उचकता धडधडायला लागलं. खलाशांनी गलका केला. जोमाने विड्या खिशात घातल्या. वेणूबायच्या डोळ्यांना धार लागली. तिने पोशाच्या पाठीवरून हात फिरवला. "गुणाचं रे माझं पोर," असं ती म्हणाली, आणि ते तिने मनापासून म्हटलं.

होडी खाडीच्या मध्यावर, वाळूच्या उथळ भाठ्याजवळ आली. तिथूनच दर्याला नारळ द्यायचा असतो, म्हणून जोमाची होडीही मागोमाग येऊन बाजूला थांबली. इंजिन थांबवलं, कारण साहेबांना इंजिनाच्या आवाजात बोलता येत नसे. साहेबांनी नारळ हातात घेतला आणि घसा साफ केला.

"आता आपण कार्यक्रमाला सुरुवात करू या."

पोशा दचकला. सुरुवात? इंजिनाचं बूच तर काढून झालं होतं, पण ते इंजिनाचं. कार्यक्रमाचं राहिलंच होतं. आणि मावशीची सगळ्या बंदरापुढे शोभा होणार होती. त्याने इकडेतिकडे पाहिलं. वर कुठे बूच दिसेना. मग त्याला आठवलं. होडीत आणखी एक बूच होतं. त्यानेच बसवलेलं.

तो गुपचूप फळी उचलून खाली उतरला. बूच घट्ट बसलेलं होतं, पण हातोडीने इकडून तिकडून ठोकल्यावर ऐकलं. पोशाने ते बाहेर काढलं, धोतराला पुसलं आणि वर येऊन साहेबांना मानेने खूण केली, की आता करा सुरुवात.

साहेबांनी केली. "बंधूभगिनींनो, आज आपला धंदा हळूहळू वर येत आहे."

खाली पाणीही हळूहळू वर येत होतं. फळ्यांच्या फटींतून ते आधी मिस्त्रीच्या बुटांना लागलं, मग पांढऱ्या पँटला. मिस्त्री एका पायावर उभा राहिला, मग दुसऱ्या. खलाशांनी एकदा पायांकडे पाहिलं, एकदा जोमाच्या होडीकडे, आणि नव्या सदऱ्यांसकट एकेक करून तिकडे उड्या मारल्या. जोमाने विड्या पुन्हा बाहेर काढल्या. साहेबांचे गुडघे बुडाले तेव्हा वाक्य अर्धं होतं, ते त्यांनी पुरं केलं.

सुवर्णगौरी भाठ्याच्या वाळूवर अलगद बसली. बुडायला तिथे फार पाणी नव्हतं, पण इंजिन बुडण्याइतकं होतं. वेणूबाय कमरेएवढ्या पाण्यात उभी होती. झेंडूचा हार तिच्याभोवती तरंगत होता. जोमाच्या होडीवर तिचे खलाशी विड्या पेटवत होते. आता तिला पाठीराखा असा एकच उरला होता.

"पोशा," ती रडत रडत म्हणाली, "माझं इंजिन गेलं रे. एवढं पाणी आलं तरी कुठून?"

हा प्रश्न पोशाला येत होता. ही रडायची वेळ नव्हती. त्याने पाण्यात बोट बुडवलं, चाखलं, डोळे मिटले.

"खारट हाय, मावशी. धुराच्या नळीतून आलंय. तू घाबरू नको."

मग तो कमरेएवढ्या पाण्यातून मागे गेला आणि होडीच्या तळाचं ते बूच धुराच्या नळीत ठोकून घट्ट बसवलं.